विरघळण्याचा हिशेब : शिरोळच्या रानापासून गुऱ्हाळाच्या काहिलीपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाचं उत्पन्न दोन ठिकाणी विद्राव्यतेशी बांधलेलं आहे. पहिलं ठिकाण त्याचं रान. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत पाण्याबरोबर आलेले क्षार साठत जातात आणि उन्हाळ्यात सरींच्या वरंब्यांवर पांढरे फुटतात. दुसरं ठिकाण गुऱ्हाळाची काहील. रसात विरघळलेली साखर योग्य वेळी पाण्यातून बाहेर पडून घट्ट, कणीदार रवा धरते की मऊ राहते, यावर शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात भाव ठरतो. या दोन गोष्टींचा विचार सहसा वेगवेगळा होतो. एक शेतीखात्याचा विषय, दुसरा गुळव्याच्या हाताचा. प्रश्न मात्र मुळात एकच आहे : घन पदार्थ द्रवात किती विरघळतो, किती वेगाने विरघळतो आणि त्या द्रवात आधीपासून काय विरघळलेलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात मिळतं. उरलेले दोन प्रश्न आपण विसरतो, आणि शेतात असो वा काहिलीत, आपलं बहुतेक नुकसान त्या दोन प्रश्नांत होतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी तक्ता बघू. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड यांचे विद्युतभारित कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन असल्यामुळे ते रेणू या कणांभोवती गराडा घालून त्यांना खड्यापासून सोडवतात. साखरेच्या रेणूवर असा भार नसतो, पण त्याच्या अंगावरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या पाण्याशी सहज बंध जुळवतात. तेला-तुपाच्या रेणूंकडे यातलं काहीच नसतं. म्हणून लाडवात तूप कितीही घातलं तरी पिठीसाखर त्यात विरघळत नाही, दाताखाली कणीच लागते. खडा मोडायला ऊर्जा लागते आणि कणांभोवती पाणी जमताना ऊर्जा सुटते. या जमाखर्चात थोडी तूट आली तरी कण विखुरण्याकडे निसर्गाचा कल असल्यामुळे मीठ विरघळतंच. मात्र बाहेर पडणारे कण आणि खड्यावर परत बसणारे कण यांचा वेग सारखा झाला की द्रावण संपृक्त होतं. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम मावतं, साखर सुमारे २०० ग्रॅम, जिप्सम पाव ग्रॅमच्या आसपास, आणि शुद्ध पाण्यात चुनखडी एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात.

तापमानाबद्दल एक समजूत घट्ट बसलेली आहे : पाणी गरम केलं की जास्त विरघळतं. साखरेला हे लागू आहे. शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात १७९ ग्रॅम मावणारी साखर शंभर अंशाला ४८७ ग्रॅमपर्यंत जाते. सोरा तर १३ ग्रॅमवरून २४० ग्रॅमच्याही पुढे जातो. मिठाला या समजुतीचं जवळजवळ काहीच नसतं. गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत ते साडेपस्तीसवरून एकोणचाळीस-चाळीसपर्यंत कसंबसं पोचतं. विरलेला चुना तर उलट वागतो : थंड पाण्यात जितका विरघळतो त्याच्या निम्म्याहूनही कमी उकळत्या पाण्यात. कारण त्याच जमाखर्चात आहे. विरघळताना जो पदार्थ उष्णता ओढून घेतो त्याला तापवल्याने मदत होते, आणि जो उष्णता सोडतो त्याला अडथळा. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर थोड्या वेगळ्या वाटेने येतो. पाण्यातला कर्बवायू तापल्यावर निघून जातो आणि त्याच्या आधाराने विरघळलेली चुनखडी खाली बसते. तेव्हा ‘गरम पाणी जास्त विरघळवतं’ हा नियम म्हणून सांगायचा असेल तर पदार्थाचं नाव घेऊनच सांगावा.

आता वेग. १८९७ मध्ये आर्थर नॉइस आणि विलिस व्हिटनी यांनी अमेरिकेत विरघळण्याचा वेग मोजला आणि एक साधं सूत्र मांडलं : द्रावण संपृक्ततेपासून जितकं दूर, तितका वेग जास्त. पुढच्या काही वर्षांत त्यात घन पदार्थाच्या उघड्या पृष्ठभागाची आणि त्याला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थराची भर पडली. ढवळल्याने तो थर पातळ होतो. कुटल्याने पृष्ठभाग वाढतो. या दोन्हींमुळे काम लवकर होतं, पण शेवटी किती मावणार हा आकडा त्याने हलत नाही. खडीसाखर आणि पिठीसाखर, दोन्ही पाण्यात शेवटी सारख्याच विरघळतात. एकीला रात्र लागते, दुसरीला मिनिट. कणाचा आकार अतिसूक्ष्म झाला तर विद्राव्यताही किंचित वाढते, पण ती बाब औषधनिर्मितीतली. शेताला आणि स्वयंपाकघराला तिची गरज नाही.

गुऱ्हाळात हे सगळं एका काहिलीत घडताना दिसतं. कोल्हापूरच्या गुळाची ओळख जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. उसाचा रस काहिलीत येतो तेव्हा त्यात साखरेखेरीज सेंद्रिय आम्लं, प्रथिनं, रंगद्रव्यं आणि क्षार असतात. जंगली भेंडीचा चिकट रस घातला की तरंगणारी घाण एकत्र येऊन मळी म्हणून वर येते आणि ती काढून टाकली जाते. चुन्याची निवळी दोन कामं करते. एक तर ती रसातलं आम्ल मारते. आम्ल शिल्लक राहिलं तर उष्णतेत साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. दुसरं, चुन्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटशी मिळून जवळजवळ न विरघळणारं संयुग बनवतं, आणि ते खाली बसताना बरीच घाण सोबत ओढून नेतं. म्हणजे गुळव्या एक पदार्थ विरघळलेला राखण्यासाठी दुसरा मुद्दाम अविद्राव्य करतो. पुढे पाणी उडत जातं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते, ११५ ते ११८ अंशांवर गूळ उतरवण्याची वेळ येते. गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी होते का बघतो. त्याच्या हातात थर्मामीटर नसला तरी तो पाकात उरलेलं पाणीच मोजत असतो.

नुसत्या साखरेचा हिशेब केला तर पुढचं चित्र सोपं दिसतं. शंभर अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ४८७ ग्रॅम साखर असलेलं संपृक्त द्रावण तीस अंशापर्यंत निवलं, तर त्यात २१५ ग्रॅमच्या आसपासच मावते. उरलेली २७० ग्रॅम बाहेर पडलीच पाहिजे. पण ‘बाहेर पडली पाहिजे’ आणि ‘बाहेर पडते’ यांत अंतर आहे. क्षमतेपेक्षा जास्त साखर धरून द्रावण बराच काळ तसंच राहू शकतं, कारण पहिला स्फटिक जुळायला पुरेसे रेणू योग्य मांडणीत एकत्र यावे लागतात. साखर कारखान्यात म्हणूनच निर्वात पॅनमध्ये पाक या अतिसंपृक्त पट्ट्यात आणून बारीक दळलेल्या साखरेचं बीज सोडतात, म्हणजे नव्या कणांची गर्दी न होता आहे तेच कण वाढतात. गुऱ्हाळात वाफ्यात ओतलेला पाक फावड्याने परतत राहणं हे तेच काम वेगळ्या हत्याराने करतं. ढवळल्याने बारीक कण तयार होतात, प्रत्येक कण पुढच्या कणांचं बीज ठरतो आणि रवा कणीदार बसतो. परतणं लवकर थांबलं की गूळ काचेसारखा आणि चिवट होतो.

गूळ मऊ का राहतो, याचं सर्वत्र दिलं जाणारं उत्तर असं की ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढले म्हणून साखर जास्त विरघळलेली राहते. हे उत्तर अर्धवट आहे. मोजमाप उलटं सांगतं : ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या सोबतीत उसाच्या साखरेची स्वतःची विद्राव्यता थोडी कमीच होते, कारण पाणी त्या दोघांनाही द्यावं लागतं. मग गूळ का धरत नाही? कारण तिन्ही साखरा मिळून एकूण विरघळलेला ऐवज वाढतो, पाक दाट आणि चिकट होतो, आणि साखरेचे रेणू स्फटिकापर्यंत पोचायचा वेग मंदावतो. अडचण ‘किती’ची नसून ‘किती लवकर’ची आहे. हा भेद नुसता पुस्तकी नाही. साखर जास्त विरघळलेली आहे असं मानणारा गुळव्या आणखी आटवत राहील, आणि जास्त आटवण्याच्या उष्णतेत साखरेचा आणखी भाग तुटेल. खरा उपाय आधीच्या पायऱ्यांत असतो : पक्व ऊस, तोडीनंतर लगेच गाळप, चुन्याची योग्य मात्रा आणि मळीची स्वच्छ काढणी.

क्षारांची सोबत मात्र याच्या नेमकी उलट वागते. पोटॅशियम आणि सोडियम यांचे क्षार भरपूर असलेल्या रसात साखरेची विद्राव्यता खरोखरच वाढते. कारखान्यातून शेवटी निघणाऱ्या मोलॅसिसमध्ये वजनाच्या सुमारे एक तृतीयांश साखर अडकून राहते, आणि तिथून ती काढणं परवडत नाही, याचं एक मोठं कारण हे क्षार आहेत. म्हणूनच क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट, काळपट आणि मऊ होतो हे गुऱ्हाळवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शेतातल्या पाण्यात विरघळलेला क्षार मुळांतून उसात, उसातून रसात आणि रसातून काहिलीत येतो, आणि तिथे साखरेला पाणी सोडू देत नाही. रान आणि काहील एकाच हिशेबात का धरायचे, ते इथे दिसतं.

साठवणीतही सोबतीचाच प्रश्न आहे. शुद्ध साखर हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागते ती आर्द्रता सुमारे ८५ टक्के झाल्यावर. मीठ ७५ टक्क्यांना. फ्रुक्टोज साठ-बासष्टच्या आसपास. मॅग्नेशियम क्लोराइड तर तेहतीस टक्क्यांनाच. शिवाय मिश्रणाची ही मर्यादा त्यातल्या प्रत्येक घटकाच्या मर्यादेपेक्षा खाली जाते. गुळात हे सगळे थोडेथोडे असतात आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशीच्या वर असते. गूळ पाघळतो तो नुसत्या पावसाने नाही. त्यातले सोबती हवेतून पाणी घेतात आणि त्या पाण्यात साखर विरघळते. चांगल्या रानातला, कमी तुटलेल्या साखरेचा गूळ त्याच गोदामात जास्त टिकतो, हे याच नियमाने समजतं.

आता त्या रानाकडे येऊ. क्षार येतात कुठून? पाण्यातूनच, आणि त्यासाठी पाणी खारट असावं लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार चालतात. समजा तेवढ्याच क्षारांचं गोड पाणी उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीइतकं दिलं. एकराला ते सुमारे ८० लाख लिटर होतं आणि त्यातून ४ टन क्षार रानात येतात. पीक पाणी पिऊन हवेत सोडतं, उन्हाने उरलेलं उडतं, क्षार मागे राहतात. हलक्या, निचऱ्याच्या माळावर पाऊस ते खाली घेऊन जातो. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाड-नृसिंहवाडी परिसरासारख्या खोल काळ्या जमिनीत पाणी खाली झिरपायलाच तयार नसतं. भूजल वर येतं आणि केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर आणून ठेवतं.

‘मग भरपूर पाणी सोडून धुऊन काढा’ हा सल्ला तर्काला पटणारा वाटतो. मीठ तर पाण्यात सहज विरघळतं! सल्ल्यातली चूक विद्राव्यतेची नाही, जागेची आहे. विरघळलेला क्षार नाहीसा झालेला नसतो, तो पाण्यात असतो. ते पाणी रानाबाहेर गेलं नाही तर उन्हाळ्यात क्षार परत वर येणारच. पाणी जास्त दिलं तर भूजल आणखी चढतं आणि खराबी वाढते. म्हणून जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून पाणी ओढ्यापर्यंत नेणारा भूमिगत निचरा ही पहिली गरज ठरते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनी आणि निचरा यांवर काम झालं, आणि शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून अशा निचरा योजना हाती घेतल्या. एकट्याच्या दोन एकरांत हे जमत नाही. पाईपाचं तोंड कुणाच्या तरी बांधातून जाणारच. शिरोळचं वळण मला मोलाचं वाटतं ते यासाठी, की तिथे रसायनशास्त्राचा प्रश्न शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या संमतीने सुटू लागला.

निचरा झाला तरी सगळी रानं नुसत्या पाण्याने सुधारत नाहीत. ज्या मातीत सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसला आहे, ती चोपण माती. तिचा सामू साडेआठच्या वर जातो, ओली झाली की ती चिखलासारखी फुगते, वाळली की दगड. अशा मातीतले सुटे क्षार पाण्याने धुऊन काढले तर ती आणखी बिघडते, कारण सुटे क्षार असेपर्यंत कण एकत्र राहतात. ते गेले की सोडियमने लडबडलेले कण सुटून रंध्रं बुजवतात. सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो, आणि तो देणारा स्वस्त पदार्थ म्हणजे जिप्सम.

इथे एक रास्त आक्षेप येतो. लिटरला अडीच ग्रॅमसुद्धा न विरघळणारा पदार्थ कशाला वापरायचा? कॅल्शियम क्लोराइड तर पाण्यात धो-धो विरघळतं. ते काम करतं हे खरं, आणि लवकर करतं. पण त्याची किंमत परवडत नाही, आणि एकदम विरघळलेलं कॅल्शियम पहिल्या एक-दोन पाण्यांत वाहूनही जाऊ शकतं. जिप्समची मंद विद्राव्यता हाच त्याचा गुण आहे : प्रत्येक पाण्याबरोबर थोडं, पण महिनोन्‌महिने. हिशेब मांडून बघावा. एकरी २ टन जिप्सम पूर्ण विरघळवायला, लिटरला अडीच ग्रॅम धरून, ८ लाख लिटर पाणी लागेल. म्हणजे एकरभर रानावर सुमारे २० सेंटीमीटर. प्रत्यक्षात याहून कमी पाण्यात काम भागू शकतं, कारण मातीचे कण कॅल्शियम ओढून घेतात आणि द्रावण पुन्हा असंपृक्त होऊन आणखी जिप्सम विरघळतं. खारट पाण्यातही जिप्सम शुद्ध पाण्यापेक्षा जास्त विरघळतं. सल्फेट भरपूर असलेल्या पाण्यात मात्र कमी, कारण तिथे त्याचा एक घटक आधीच हजर असतो. म्हणजे जिप्समच्या एकाच पोत्याचा परिणाम दोन रानांत दोन प्रकारचा होतो, आणि तो तक्त्यातल्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. बारीक दळलेलं जिप्सम का मागावं तेही इथे कळतं : दळल्याने विद्राव्यता वाढत नाही, पण पावसाळ्याच्या दिवसांत जेवढं विरघळायचं ते वेळेत विरघळतं.

आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते. कॅल्शियम घरातच आहे, मग जिप्समवर खर्च का, असा दुसरा प्रश्न त्यावरून विचारला जातो. उत्तर पुन्हा विद्राव्यतेत आहे. साडेआठच्या वरच्या सामूला चुनखडी जवळपास विरघळत नाही. ती मातीत असूनही रानाच्या उपयोगाची नसते. तिला जागं करायला आम्ल लागतं. गंधक टाकलं की मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात. हिरवळीचं खत, शेणखत किंवा कारखान्याचं प्रेसमड कुजताना कर्बवायू आणि सेंद्रिय आम्लं सुटतात आणि चुनखडीतला कॅल्शियम हळूहळू मोकळा होतो. वेळ लागतो, पण खर्च कमी, आणि मातीचा पोतही सुधारतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या फुले २६५ सारखा क्षार सोसणारा ऊस लावणं हा तिसरा मार्ग, आणि अनेकांनी तो धरला आहे. त्यात गैर काही नाही, फक्त एक ध्यानात ठेवावं : ती जात क्षार सोसते, क्षार रानाबाहेर काढत नाही. निचऱ्याशिवाय तिच्यावर विसंबणं म्हणजे कर्जाची मुदत वाढवून घेणं.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक विचारतील की तक्त्यातले आकडे मग खोटे का? मुळीच नाहीत. ते शुद्ध पाणी, ठरलेलं तापमान आणि समतोल येईपर्यंत थांबण्याची तयारी, या अटींवर खरे आहेत. त्या अटी सांगून शिकवल्या तर विद्यार्थ्याला पुढचं सगळं आपसूक उमगेल. इथल्या शाळांना त्यासाठी परदेशी उदाहरणं शोधावी लागत नाहीत. हंगामात काहिलीचं तापमान मोजणं, रानातल्या पांढऱ्या थराचा चिमूटभर नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात घालून विद्युतवाहकता बघणं, जिप्सम आणि मीठ शेजारी शेजारी विरघळवून वजन करणं, हे प्रयोग आठवीच्या वर्गाला सहज झेपतात.

शेतकऱ्यांना एक विनंती आहे. ऊस तुटून गेल्यावर, पुढची लागण करण्याआधी, माती परीक्षणाला द्या आणि अहवालात सामू आणि विद्युतवाहकता या दोन्ही आकड्यांबरोबर विनिमयक्षम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमची टक्केवारीही मागून घ्या. वाहकता जास्त आणि सामू साडेआठच्या आत असेल तर आधी निचरा आणि मग पाणी. सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समची मात्रा त्या आकड्यावरून ठरवून घ्या, शेजाऱ्याने टाकली म्हणून तेवढीच टाकू नका.